बिनकामाचे तास

आमच्या सल्लागार कंपनीत माणसांचे तास विकले जातात. कुठल्या क्लायंटसाठी किती तास काम केलं, ते प्रत्येकजण टाइमशीटमध्ये भरतो आणि दर सोमवारी मी त्याचा रिपोर्ट बनवते. ज्याचे विकलेले तास कमी, त्याचं नाव लाल. हा रंग मीच बसवला. साहेबांना फार आवडला.

जुन्यांना एक युक्ती ठाऊक आहे. काम नसलं की ते तास 'ट्रेनिंग'खाली टाकायचे. ट्रेनिंगवाले लाल होत नाहीत.

माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधली मैत्रीण बँक सोडून आमच्याकडे लागली. एव्हरशाईनच्या नाक्यावरून आम्ही शेअर रिक्षाने स्टेशनला जायचो. रिक्षात एकच सीट असेल तर सोडून द्यायची, हे न बोलता ठरलेलं. दिवाळीनंतर तिचं प्रोजेक्ट संपलं. तिने टाइमशीटमध्ये सरळ लिहिलं, काम नव्हतं. पुढच्या आठवड्यातही तेच.

"काय गं, टाइमशीटं तुझ्याकडेच येतात ना? माझं ठीक आहे ना?" तिने रिक्षात विचारलं.

"मला नुसते कोड दिसतात," मी म्हणाले आणि मोबाईल काढला.

नावं दिसतात. रिपोर्ट गोपनीय असतो, हे खरं. पण ट्रेनिंगच्या युक्तीत गोपनीय काही नव्हतं. कँटीनमध्ये ती मी स्वतः कितीजणांना सांगितली होती. तिला नाही सांगितली. सगळेच ट्रेनिंगमध्ये शिरले तर रिपोर्टात लाल उरत नाही, आणि लाल नसलेला रिपोर्ट साहेब उघडतही नाहीत. कारण एवढंच.

महिन्याभरात एचआरने तिला बोलावलं, रिपोर्टातली लाल ओळ दाखवली आणि दुसरीकडे नोकरी बघायला सांगितलं. रिपोर्टाखाली माझं नाव होतं.

"कोड दिसतात म्हणालीस," दुसऱ्या दिवशी नाक्यावर ती म्हणाली.

"अगं, रिपोर्टातलं बाहेर बोलता येत नाही आम्हाला."

"ट्रेनिंगचं तरी बोलता येत होतं ना? काल सगळं ऑफिस मला तेच सांगत होतं. मी तसं लिहिलं नसतं, ते सोड. तू सांगायचंस."

रिक्षा येतेय का बघायला मी पुढे वाकले.

तेवढ्यात रिक्षा आली. मागे एकच सीट रिकामी होती. माझा हात सवयीने रिक्षावाल्याला 'जा' म्हणायला वर गेला. ती बसली, पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघत राहिली.

रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, पुढे सरका की."

मी सरकले.