पाटीवरून पुसलेलं नाव

मी क्षमाशील बाई नाही. डूख धरते, आणि तो नीट सांभाळते.

अंधेरीच्या ऑफिसात मी नऊ वर्षं इमारतींचे सांगाडे डिझाइन केले. मुलुंडच्या एका हॉस्पिटलचं अख्खं मॉडेल कॉम्प्युटरवर मी एकटीने उभं केलं. नोकरी सोडली त्याच आठवड्यात तिथल्या मालकांनी, आमच्या सरांनी, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या पाटीवरून माझं नाव काढून स्वतःचं टाकलं.

वर्षभराने त्याच हॉस्पिटलचं उरलेलं काम माझ्या विक्रोळीच्या नव्या ऑफिसकडे आलं. सरांनी पाठवलेली फाईल फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, आणि आमच्याकडे ते नव्हतं. मी फोन केला.

"फाईल दिली ना? उघडत नाही तो तुझा प्रॉब्लेम."

मग मी टेबलावर प्रिंट पसरल्या आणि पट्टीने मापं घेत एकेक कॉलम पुन्हा टाकला. माझेच कॉलम, दुसऱ्यांदा. तीन आठवडे मान मोडून बसले होते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते.

आता मी हॉस्पिटलच्या ट्रस्टची सल्लागार आहे. नवी विंग बांधायची ठरली तेव्हा मी एक अट घातली: हे काम मागायला येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरने आपलं जुनं एक काम खुल्या फॉरमॅटमध्ये आणायचं, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल असं. आणि ते सगळ्यांसमोर उघडून बघायचं. ट्रस्टींना वाटलं, बाई पुढच्या इंजिनिअरांचा विचार करतेय. करत होतेच. पण नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हेही मला ठाऊक होतं.

सर आले. आणलं तेच मॉडेल. "एकेक कॉलम मी स्वतः बसवलाय," ते ट्रस्टींना म्हणाले.

फाईल उघडली. एक बीमसुद्धा गायब नव्हता. खरं सांगते, माझा विरस झाला. मला ती फुटायला हवी होती.

खुली फाईल आतून साधा मजकूर असते, म्हणून तपासणीसाठी मी ती नोटपॅडमध्येही उघडून पडद्यावर लावली. अगदी वरती, तयार करणाऱ्याच्या जागी, माझं नाव होतं. मॉडेल माझ्या कॉम्प्युटरवर सुरू झालं होतं, तेव्हापासून चिकटलेलं. पाटी पुसली, पण फाईलच्या पोटात कुणी बघितलंच नव्हतं.

म्हाताऱ्या ट्रस्टीबाईंनी चष्मा सारखा करून ते मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे तर तुझं नाव ना गं?"

"हो."

"जुनं राहिलंय ते," सर घाईने म्हणाले. "काढून टाकतो."

"काढा ना सर," मी म्हटलं. "पण एक प्रत आता आमच्याकडेही आहे. आणि ती कुठेही उघडते."

काम त्यांना मिळालं नाही. त्यानंतर ती फाईल मी चार वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघितली. कामासाठी नाही, अशीच. चारही ठिकाणी नाव दिसतं.