माळ्यावरचा बेज स्कर्ट

सोमवारी सकाळी मी एक आगाऊपणा केला... माळ्यावरची ट्रिपची बॅग खाली काढली.

अशी बॅग तुमच्याकडेही असेलच. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत तर घरटी एक आहे. जीन्स, टोप्या, फुलाफुलांचे टॉप... ट्रिपला घालायचे आणि नाशिकला परत आलं की धुऊन, घड्या घालून पुन्हा माळ्यावर. असा नियम कुणी केलेला नाही, पण मोडतही कुणी नाही.

त्यात माझा एक बेज स्कर्ट आहे, गुडघ्याच्या चांगला वर. गोव्यात तो घालून मी भर बाजारात मासळी बघत हिंडले, काही वाटलं नाही. मग तोच घालून गंगापूर रोडवरच्या ऑफिसात जायचं म्हटलं की मन का कचरतं? पाय तेच, स्कर्ट तोच... मला खरंच कळेना. म्हटलं, रोजच्या कपड्यांत बसतो का ते बघूच या.

पहिला प्रयोग पांढऱ्या शर्टवर. नवरा म्हणाला, "पी.टी.च्या तासाला निघालीस का?" आरशात पाहिलं तर काय, गळ्यात शिट्टी तेवढी कमी होती.

मग वर लांब कुर्ता घालून पाहिला. स्कर्ट गायब! नवऱ्याचाच डेनिमचा शर्ट ढापला, बाह्या दुमडल्या, कमरेशी गाठ मारली. हे जमलं खरं... पण ऑफिसात साहेबांसमोर कमरेची गाठ? नको गं बाई.

रंग तसा गुणी आहे हं. कशावरही जातो, शिवाय मळखाऊ. पण एकटा असला की अगदीच पिठाळ दिसतो... त्याला जोडीला काहीतरी ठसठशीत लागतं.

या सगळ्याला एक प्रेक्षक होता. माझ्या सासूबाई. रोज सकाळी चहाचा कप घेऊन बेडरूमच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. बोलायचं काही नाही, नुसतं बघायचं.

एकदा मात्र विचारलं, "ऑफिसला हाच घालून जाणार?" मी हो म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात माझा अख्खा दिवस गेला... सुना समजून घेतील.

गुरुवारी एकदाचं जुळलं. दिवाळीत शिवलेला खणाचा हिरवा शर्ट, खाली बेज स्कर्ट, पायात कोल्हापुरी. काय सांगू... आपणच आपली दृष्ट काढावी असं दिसत होतं!

आता राहिली स्कूटर. स्कूटरवर बसायचं म्हणजे सगळी आयुधं आलीच... स्कार्फ, सनकोट, हातमोजे आणि पायांना ऊन लागू नये म्हणून कमरेला गुंडाळायचं ते रॅपअराउंड. ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्कार्फ काढला, कोट काढला, मोजे काढले. रॅपअराउंडच्या नाडीला हात घातला आणि... हात तिथंच राहिला. गेटवर वॉचमनकाका, लिफ्टपाशी वरच्या मजल्यावरची दोघं.

थोडक्यात काय, दिवसभर मी ते निळ्या ठिपक्यांचं कापड गुंडाळूनच बसले. कुणी विचारलं की "एसी लागतोय" म्हणायचं. एवढा नट्टापट्टा करून शेवटी हे ध्यान! स्वतःचाच इतका राग आला ना...

संध्याकाळी घरी आले. बेल वाजवली तरी दार उघडेना, म्हणून किल्लीने उघडलं. आत बघते तर सासूबाई माझ्या आरशासमोर... अंगात मोरपिशी पंजाबी ड्रेस!

कायम साडी नेसणाऱ्या या बाईने जन्मात पहिल्यांदा तो ड्रेस गोव्याच्या ट्रिपसाठी घेतला होता. तो घालून समुद्रात पार गुडघाभर पाण्यात शिरल्या होत्या, ओरडून ओरडून हसत होत्या. घरी आल्यावर तोही गेला माळ्यावर. याच बॅगेत होता, आणि माझ्या लक्षातही नव्हतं.

मला पाहून त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. ओढणी सारखी करत हळूच म्हणाल्या, "ऑफिसात कुणी काही म्हणालं का गं?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्या इतके दिवस नावं ठेवायला उभ्या राहत नव्हत्या... माझं काय होतंय ते बघत होत्या. माझं निभावलं तर त्यांचंही निभावणार होतं. आणि मी इकडे नाडी घट्ट बांधून बसलेली!

"सगळ्यांना आवडला" असं ठोकून देता आलं असतं. पण जीभ रेटेना. "आई, मी हे वरचं काढलंच नाही," म्हटलं. "धीरच झाला नाही."

"असू दे," म्हणाल्या. पण चेहरा उतरला. पलंगावरची साडी त्यांनी उचलली आणि मला पुढचं सगळं दिसलं... आता ड्रेस निघणार, घडी होणार, बॅग माळ्यावर जाणार. मला ते बघवेना. मी तिथल्या तिथे रॅपअराउंडची नाडी ओढली आणि म्हटलं, "साडी ठेवा ती. कोथिंबीर संपलीये, चला."

जिन्यातच समोरच्या काकू भेटल्या. आम्हाला आळीपाळीने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं... "अय्या, ट्रिपला निघालात का दोघी?"

मी घसा खाकरेपर्यंत सासूबाईच म्हणाल्या, "छे हो, कोथिंबीर आणायला!"

एरवी रस्ता ओलांडताना त्यांचा एक हात निऱ्यांवर आणि एक माझ्या दंडावर असतो. त्या संध्याकाळी मात्र ढांगा टाकत पुढे निघून गेल्या, आणि मी मागून स्कर्ट सावरत "अहो आई, थांबा ना!" करत होते.

इतकी वर्षं एका घरात राहून त्यांना असं चालताना मी आपल्या गावात कधी पाहिलंच नव्हतं... इतकं छान वाटलं म्हणून सांगू! आई, थँक्यू हं. एकटीच्याने माझ्याकडून ती नाडी सुटली नसती.