बुटकी रुजवण

क्रिप्टोक्रोम हा शब्द मी वर्षातून एकदा फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी स्वतःच गोंधळते. परळच्या एका ज्युनियर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे गोंधळ चेहऱ्यावर न दाखवायची सवय आहे. रोपात हे प्रथिन निळा उजेड ओळखतं आणि खोडाची वाढ आवरतं. माशीत ते तिचं आतलं घड्याळ उजेडाशी जुळवतं. पक्ष्यांना दिशा कळायला त्याची मदत होते म्हणतात, पण तेही अजून नक्की नाही. आणि माणसात ते घड्याळाच्या यंत्रात बसलेलं असतं, उजेड टिपायचं काम मात्र डोळ्यातलं दुसरंच प्रथिन करतं. मुलं विचारतात, "मॅडम, मग नाव तेच का?" मी म्हणते, परीक्षेला येत नाही, पुढे चला.

गेल्या नवरात्रात मात्र पुढे जाता आलं नाही.

लालबागची आमची चाळ पाडून तिथेच टॉवर उभा राहिला आणि आई व मी वरच्या मजल्यावर राहायला आलो. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. त्यातून नवीन घरात आल्यापासून तिची वेळ चुकायला लागली होती. भर सकाळी गाढ झोपायची आणि दुपारी चारला उठून विचारायची, "फटफटला काय गो?" मला धडकीच भरायची. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पिकलेला मोतीबिंदू निळा उजेड अडवतो, त्यानेही शरीराचं घड्याळ बिघडू शकतं. ऑपरेशननंतर सुधारेल, कदाचित नाहीही सुधारणार. म्हणजे बिघडलंय काय, डोळे की डोकं, हे कळायला ऑपरेशन हाच एक मार्ग होता. आणि आई तयार होत नव्हती. शेवटी म्हणाली, "रुजवण कशी येता ती बघूया, मगे ठरवूया."

रुजवण म्हणजे घटाभोवती मातीत पेरलेलं धान्य. नवरात्रभर ते देवापुढे वाढतं, दसऱ्याला खुडून देवीला वाहतात आणि घरातल्यांच्या कानावर खोवतात. ते उंच आलं की वर्ष चांगलं, असं आईचं गणित. मी मनात म्हटलं, गहू काय, कुठेही उगवतो. ऑपरेशन झालंच म्हणून समजा. दादरहून परडी आणि माती आणली, गहू भिजवला, घट बसवला. उरलेल्या मातीत उरलेला गहू एका डब्यात पेरला, तो डबा कॉलेजात नेला आणि प्रॅक्टिकलसाठी प्रयोगशाळेच्या कपाटात बंद करून ठेवला.

प्रश्न अखंड दिव्याचा होता. आईला वात धड दिसत नव्हती, तेल ओतताना पदर पेटेल ही मला भीती. मी समईवर बंदी घातली आणि देव्हाऱ्यात पांढरी एलईडीची पट्टी चिकटवली. नऊ दिवस रात्रंदिवस चालू. देव्हारा आईच्या बेताने अगदी खाली बसवलेला, कारण आमची आई जेमतेम माझ्या खांद्याला लागते. वडील तिला जन्मभर 'बुटके' म्हणूनच हाक मारायचे. स्वतःच्या युक्तीवर मी बेहद्द खूश होते.

पाचव्या माळेला आईने परडीवर हात फिरवला. बोटांनी उंची चाचपली, पुन्हा चाचपली.

"रंग कसो इलो गो?"

"मस्त हिरवागार!" मी उत्साहाने सांगितलं.

तिचा हात तसाच राहिला. "हिरवो? आपली रुजवण कधी हिरवी येवक नाय. पिवळी येता, सोन्यासारखी. आणि ही तर बोटभर पण नाय." हात मागे घेत ती म्हणाली, "देवीक ह्या घर पटूक नाय. ऑपरेशन नको माका."

मी चिडले. गव्हाचं आणि डोळ्याचं काय नातं, असं ताडताड बोलले. ती ऐकत राहिली आणि मग आत जाऊन झोपली, सकाळी दहा वाजता. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. चाळीतली रुजवण पिवळी नि वीतभर असायची हे मलाही आठवत होतं. मग इथेच काय झालं? विज्ञान शिकवणारी बाई परडीपुढे उभी राहून देवीला काय खुपलं असेल याचा विचार करत होती.

नवव्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. वर्गासमोर कपाटातला डबा काढला, झाकण उघडलं, आणि आतून लांबलचक पिवळीधमक रोपं बाहेर झुकली. मुलं हसली. मला मात्र आमचा चाळीतला देव्हारा दिसला, माळ्याखालचा, मोरीच्या भिंतीलगतचा काळोखा कोपरा. हाच धडा मी इतकी वर्षं शिकवत आले आणि घरची परडी कधी त्यात बसवूनच पाहिली नव्हती.

डबा घेऊन तडक घरी आले. आईचा हात धरून आधी परडीवर ठेवला, मग डब्यातल्या रोपांवर. "एकाच पिशवीतला गहू, एकाच दिवशी पेरलेला. हा बंद कपाटात वाढला. रोपात उजेड ओळखणारी प्रथिनं असतात आई. त्यातलं एक निळा उजेड ओळखतं. उजेड दिसला की उंच वाढणं पुरे, हिरवं व्हा, असा निरोप जातो. चाळीत त्या काळोख्या कोपऱ्यात नुसती समई, तिच्या उजेडात निळं नसतंच म्हण ना. माझ्या पट्टीत ते भरपूर."

"म्हणजे आपलो पिवळो गहू उजेड शोधत होतो?"

"हो."

"आणि गावलो नाय म्हणान वाढत ऱ्हवलो?"

मी हो म्हटलं आणि मलाच कसंतरी झालं.

आई पिवळ्या रोपांवरून हात फिरवत राहिली. "तुझो बापूस गेलो, त्या वर्साक रुजवण सगळ्यात उंच इली होती. मी म्हटलंय, देवी पाठीशी आसा. त्या आधारार तुका वाढवलंय."

मला तिला ऑपरेशनला राजी करायचं होतं, तिच्या हातातली काठी काढून घ्यायची नव्हती. "अगं, तसं नाही," असं काहीतरी पुटपुटले, पण कसं ते मलाही माहीत नव्हतं.

दसऱ्याला सकाळी मी दोन्ही तिच्यापुढे ठेवलं, परडी आणि डबा. वाटलं, ती पिवळी खुडेल. तिने चाचपत चाचपत परडीतली बुटकी हिरवी खुडली, देवीला वाहिली आणि उरलेली मुठीत धरून माझा कान शोधू लागली. मी वाकले.

"ह्येका उजेड दिसलो म्हणान ह्यो थांबलो, खरा ना?"

"खरं."

"मगे माका पण दिसांदे." तिने तुरा माझ्या कानावर घट्ट खोवला. "मी काय, आधीच बुटकी. डॉक्टरांक फोन लाव."