वासावरून सापडलेला मेनू

छावणीतल्या एका हॉटेलाची मेनूकार्डं वर्षानुवर्षं माझ्या मुकुंदवाडीच्या छापखान्यात छापली गेली. पनीरच्या अकरा भाज्या, सगळ्यांची ग्रेव्ही एकच, नावं मात्र अकरा. मी ती मोठ्या निष्ठेनं जाड कागदावर छापून लॅमिनेट करून द्यायचो. मग कोरोना आला आणि मालकांना साक्षात्कार झाला, की रोग कार्डातून पसरतो. पाण्याचा जग आणि खुर्च्या बहुधा सोवळ्यातल्या होत्या. तेव्हापासून मी त्यांना टेबलावर चिकटवायला काडेपेटीएवढे क्यूआर कोडचे स्टिकर छापून देतो. प्रगतीला आपलाही हातभार असावा.

ते स्टिकर चालतात कसे, हे बघायची वेळ मामांनी आणली. मामा सोयगावकडचे, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. डोळे तपासायला शहरात आले होते. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले आणि संध्याकाळपर्यंत सगळं धूसर दिसेल, असं सांगून सोडलं. दुपार झाली होती, दोघांनाही भूक लागलेली. मी त्यांना ऐटीत त्याच हॉटेलात नेलं.

वेटर अदबीनं म्हणाला, "सर, टेबलावरचं स्कॅन करा."

केलं. फोननं नाव विचारलं, नंबर विचारला, वाढदिवस विचारला, मग लग्नाचाही वाढदिवस. बायकोनंही इतक्या आस्थेनं कधी विचारला नव्हता. सगळं सांगितल्यावर पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं.

"काय लिव्हलंय?" मामांनी विचारलं.

"अजून उघडतंय, मामा."

"दुकान?"

"मेनू."

मी वेटरला म्हणालो, "अहो, तुम्हीच सांगा ना काय काय आहे."

पन्नाशीचा माणूस तो, ओशाळला. "तोंडपाठ आहे सर. पण ऑर्डर फोनवरूनच द्यावी लागते. मॅनेजरसाहेब रागावतात."

एकदाचा मेनू उघडला. पहिल्याच पानावर पिझ्झा, त्याखाली मुंगीएवढी अक्षरं. मी बोटांनी ती मोठी करायला गेलो आणि तीन प्लेट मंचुरियन मागवून बसलो. रद्द करायला गेलो, तर नेटवर्क गेलं.

मामा उठले.

"कुठं निघालात?"

"सैपाक कुठं चाललाय ते वासावरनं कळतंय की."

खुर्च्या चाचपत ते सरळ भटारखान्यात शिरले. मी मागं पळालो. आत कामगारांसाठी पिठलं रटरटत होतं, आचारी भाकरी थापत होता. मामा एका पालथ्या क्रेटवर बसले.

"बाबा, हे आमचं जेवण हाय," आचारी म्हणाला. "मेनूत नाय."

"मंग तर लईच बरं झालं. वाढ."

आचारी हसला आणि त्यानं वाढलं. मीही खाली फतकल मारली. एवढ्यात मॅनेजर दारात उगवले. "सर, किचनमध्ये गेस्ट अलाऊड नाहीत."

मामांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "तुमी जेवला का?"

मॅनेजर दारातून आत आले. सकाळपासून त्यांना हे कुणी विचारलं नसावं. थोडा वेळ घुटमळले, मग उभ्याउभ्याच त्यांनी चतकोर भाकरीवर पिठलं घेतलं. आमचं मंचुरियन कामगारांनी मिटक्या मारत संपवलं.

रिक्षात मामा ढेकर देऊन म्हणाले, "हाटेल झ्याक हाय. त्यास्नी म्हणावं, पिठल्याला लसूण वाढवा."

मी ते लगेच फोनवर लिहायला घेतलं. अभिप्रायाच्या रकान्यात पिठलं सापडेना, म्हणून पनीरला पाच तारे दिले.