माझ्या नावाने घातलेलं गाऱ्हाणं

मला कोरोना झाला तेव्हा थोडा ताप आला, काही दिवस माशाच्या कढीला चव लागली नाही, एवढंच. आजार गेला असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं. काही महिन्यांनी सकाळी उठल्यावर बोटं मिटेनाशी झाली. आडाळ्यावर नारळ खवायला बसले की मनगट सुजायचं, उन्हात गेले की दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल व्हायचे.

आई मला गोव्याला संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्ताचे रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, ल्युपस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटली आहे. मी विचारलं, कोरोनामुळे? त्या म्हणाल्या की संसर्गानंतर असे आजार जास्त दिसतात असं बरेच अभ्यास सांगू लागलेत, पण तुझ्या एकटीच्या बाबतीत मला ठामपणे सांगता येणार नाही. गोळी मात्र रोज घ्यायची, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणारं माणूस मला एवढं एकच भेटलं. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

‘‘लस घेतलंस ना, तीच बाधली,’’ शेजारीण म्हणाली.

‘‘कॉम्प्युटरार बसान बसान झाला ता,’’ काकी म्हणाली. ‘‘आणि उपाशी ऱ्हवान. इंग्लिश शाळेतली चेडवा, पेज गळ्याखाली उतरणा नाय.’’

मी उठून आत गेले. गप्प बसणाऱ्या चेडवाविषयी, म्हणजे मुलीविषयी, कुणालाही काहीही बोलता येतं.

मग आईने मला न विचारता देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचा मान काकांचा. ते खड्या आवाजात देवाला अडचण सांगतात आणि जमलेले सगळे हुंकार देतात. सोमवारी मी खाली मान घालून उभी होते.

‘‘बा देवा म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘ह्या चेडवाच्या हातापायाक सूज इली हा, खंयचो दोष आसात तर तो दूर कर रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘ही इंग्रजी गोळये सुटांदे, आणि औंदा हेचा लगीन ठरांदे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

माझे सांधे, माझ्या गोळ्या, माझं लग्न, सगळं त्या सभामंडपात मोठ्याने वाचून दाखवल्यासारखं झालं. शेवटचा हुंकार सगळ्यात मोठा होता.

दुसऱ्या दिवशी कपाटात गोळ्या नव्हत्या.

‘‘आई, गोळ्या कुठे आहेत?’’

‘‘देवाक सांगला ना, सुटांदे म्हणान. आता खाल्लंस तर देवाक खोटा पाडल्यासारखा होतला.’’

ती वाईट बाई नाही. माझ्यासाठी तिने उपास केले आहेत. पण काकांच्या तोंडून निघालेलं एक वाक्य तिला डॉक्टरांच्या कागदापेक्षा खरं वाटलं, आणि बोटं मात्र माझी होती. तीन दिवसांत ती पुन्हा सुजली. चहाचा कप धरता येईना.

काका-काकी चहाला आले तेव्हा मी पुढच्या अंगणात, खळ्यात जाऊन उभी राहिले. घरातल्यांशीही मी मालवणी कमीच बोलते, चुकले की हसतात. त्या दिवशी बोलले.

‘‘काकानू, गोळये सुटांदे म्हणान सांगूच्या आधी माका इचारलास?’’

‘‘अगो, तुझ्या बऱ्यासाठीच...’’

‘‘मगे तुमची बीपीची गोळी कित्याक खातास? तीव सुटांदे म्हणान गाऱ्हाणा घाला.’’

काकी पदर तोंडाला लावून हसली. काकांनी बशी खाली ठेवली.

‘‘तोंड फुटला गो ह्येका! देवाक घातलेला परत घेवक येणा नाय.’’

‘‘दुसरा घालूक येता मां?’’

काकांनी माझ्या सुजलेल्या बोटांकडे बघितलं. मग आईला म्हणाले, ‘‘दी गो तिची गोळये. देवाचा मी बघतंय.’’ आईने तांदळाच्या डब्यातून पाकीट काढलं, कोंडा झटकून माझ्यासमोर ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता आत गेली. अजूनही तिला वाटतं की मी हट्ट केला.

पुढच्या सोमवारी काकांनी नवं गाऱ्हाणं घातलं. ‘‘हेच्या गोळयांक गुण येवंदे रे म्हाराजा!’’ सगळ्यांबरोबर मीही ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हटलं.

त्यानंतर त्यांनी लग्नाचं पुन्हा घातलंच. त्याला मी तोंड उघडलं नाही.