म्हशीच्या मापाची मांजर

आमच्या चुलतसासऱ्यांचा असा ठाम समज आहे की देवानं आधी म्हैस घडवली आणि उरलेल्या मातीत बाकीची सृष्टी, माणसांसकट, कशीबशी उरकून टाकली. सगळं जग म्हशीच्या मापानं मोजणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. कुणाचं पोरगं हडकुळं दिसलं की हे त्याच्या बापाला जंताच्या औषधाचं नाव सांगणार. मुलगी बघायला गेलं तर बाकीचे तिचं शिक्षण विचारतात, हे तिच्या चालण्याकडे बघून "पायानं चांगली हाय" असा शेरा मारून मोकळे होतात. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली होती. ती शाबासकी नव्हती, तपासणी होती, हे मला दोन वर्षांनी कळलं. निकाल काय लागला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

गाव त्यांना आप्पा म्हणतं. पिंगळी स्टेशनपासून चार-पाच किलोमीटरवर त्यांचं गाव. आजूबाजूला कुणाचीही म्हैस अडली की पहिला फोन आप्पांना जातो, डॉक्टरला नंतर. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, खांद्यावर दस्ती, असे आप्पा जेवत्या ताटावरून उठून जातात. गोठ्यात शिरताना आधी म्हशीला "शरणार्थ" म्हणून नमस्कार करणार आणि मग मालकाला हुकूम सोडणार. म्हैस व्याली की जार, म्हणजे वार, पडेपर्यंत ते जागचे हलत नाहीत. जनावरानं स्वतःचा जार खाल्ला की दूध आटतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. त्यामुळे जार पडला रे पडला की आप्पा तो उचलणार आणि लांब नेऊन पुरणार. "जार सांभाळला त्यानं दूध सांभाळलं," हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात की ऐकणाऱ्याला आपणच कुठेतरी हलगर्जीपणा केला असं वाटायला लागतं.

परवाच्या अधिक महिन्यात सासरच्यांनी मला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. बायको आधीच तिकडे गेली होती. मी नांदेडहून पिंगळीला उतरलो. अधिक महिन्यातला जावई म्हणजे काय असतं हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. मला घ्यायला आप्पा मोटारसायकल घेऊन आले होते. पण ते माझ्याकडे बघेनातच. स्टेशनच्या भिंतीला दोन कुत्र्यांनी एक करड्या रंगाची मांजर कोंडली होती आणि आप्पा हातात चप्पल घेऊन त्या कुत्र्यांशी भांडायलेले. कुत्री पळाली. मांजरीचा मागचा पाय सोलला होता, आणि पोट चांगलंच तट्ट फुगलेलं. आप्पांनी तिच्या पोटावरून अलगद हात फिरवला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "आठवड्यात वेती बघा ही." मग माझ्या बॅगेतले नवे कपडे माझ्याच हातात दिले, बॅगेत मांजर घातली आणि म्हणाले, "जावईबापू, गाडीवर हिला धक्के बसायचे, एकटीलाच हळू नेतो. तुमी ॲटो बघा."

मी ॲटोनं पोचलो तेव्हा दारात काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "जावई आणायला गेले अन् मांजर घेऊन आले! दुधा-तुपाच्या घरात मांजर, काय म्हणावं ह्या माणसाला?" आप्पा गोठ्यातून ओरडले, "बाळंतपणाला आलीया ती, आठ-पंधरा दिवसात जाईल." काकूंनी दुधाच्या सगळ्या भांड्यांवर पाटे-वरवंटे ठेवले. माझे पाय धुवायचे राहूनच गेले. मी ते लक्षात ठेवलं.

पुढचे तीन दिवस त्या मांजरीचं जे कौतुक झालं ते बघून माझ्यातल्या जावयाला फार यातना झाल्या. तिला गोणपाटाचं अंथरूण, वरून कडब्याचा आडोसा, पायाला हळद-तेल. खायला बाजरी शिजवून त्यात गूळ आणि भिजवलेली जवस, म्हणजे व्यायला झालेल्या म्हशीचं आंबोण, फक्त पाटीऐवजी वाटीत. मांजर वास घ्यायची आणि आप्पांकडे अशी बघायची की तिला परत कुत्र्यांकडे जावंसं वाटत असावं. थोडं दूध तेवढं प्यायची. पायामुळे उंदीर धरणं शक्य नव्हतं आणि हे घर तर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. अंडं हा शब्दसुद्धा तिथे कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. "खाईना का, पोटावर दाब आलाय," आप्पा म्हणायचे.

चौथ्या दिवशी सकाळी मांजर व्यायला लागली. आप्पा अंघोळ, पूजा उरकून, हातात पाटी घेऊन समोर बसले. पहिलं पिल्लू आलं, त्यामागून जार आला, मांजरीनं तो खायला तोंड उघडलं आणि आप्पांनी झडप घातली! मांजरही काही कमी नव्हती. तिनं आप्पांच्या मनगटावर पाच नखं अशी ओढली की त्यांची दस्ती लाल झाली. तरी गड्यानं जार सोडला नाही. दुसऱ्या पिल्लालाही तेच. "खाऊ नगं माय, दूध आटंल," ते अक्षरशः काकुळतीला येऊन सांगत होते. शेवटी मांजर दोन पिल्लं तोंडात धरून, एकेक करत, लंगडत कडब्याच्या मागे गेली आणि बाकीची दोन तिनं आप्पांची नजर चुकवून घातली.

दुसऱ्या दिवशी पिल्लं ओरडायला लागली, आणि थांबेनात. आईला दूधच नव्हतं. त्यातलं एक काळं पिल्लू तर ओरडायचंही बंद झालं, नुसतंच तोंड उघडायचं. म्हशीला टोचायला गावात आलेल्या डॉक्टरला आप्पांनी धरून आणलं. त्यानं मांजर पाहिली, आंबोणाची वाटी पाहिली, आप्पांचं मनगट पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "आप्पा, मांजरीला तिचा जार खाऊ द्यायचा असतोय. अन् हिच्या अंगात काय उरलंच न्हाई तर दूध येणार कुठून? मटण-मासा तुमच्याकडं व्हायचा न्हाई. निदान उकडलेलं अंडं तरी चारा, न्हाई तर संध्याकाळपर्यंत ते काळं जाईल, अन् उद्या बाकीची."

डॉक्टर गेला. आप्पा गोठ्यात खाली मान घालून बसले. इतकी जनावरं सोडवलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. "माझ्या हातानं झालं हे," एवढंच म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं. मी म्हणालो, "मी आणतो अंडी." त्यांनी मान हलवली. "मांजर मी आणली, चूक मी केली. पाप बी मीच आणतो. तुमी नुसतं संगट चला."

गावातल्या दुकानात जायची सोय नव्हती, म्हणून पिंगळीला गेलो. तिथला दुकानदारही आप्पांना ओळखणारा निघाला. त्याची म्हैस यांनीच सोडवलेली. आप्पांनी इकडेतिकडे बघून सहा अंडी मागितली. तो हादरला. "आप्पा, कुणासाठी?" "बाळंतिणीसाठी," आप्पा म्हणाले. दुकानदारानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "मग जावईबापू, पेढे कधी?"

गोठ्यात तीन दगड मांडून आप्पांनी एका जुन्या डब्यात अंडी ठेवली. "किती येळ उकडायचं?" माझ्या तोंडून पटकन गेलं, "दहा मिनिटं. वर गार पाणी टाकायचं, म्हणजे साल सुटतं." आप्पांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुमाला लय माहिती हाय की." मी जाळात फुंकर मारायला लागलो.

मांजरीनं पहिलं अंडं चाटूनपुसून खाल्लं. आप्पा काळ्या पिल्लाला दस्तीत गुंडाळून छातीशी धरून बसले होते. दुपार उलटल्यावर त्यांनी ते आईच्या पोटाशी लावलं. बराच वेळ काही झालं नाही. मग ते चुळबुळलं आणि त्याचे पुढचे पाय आईच्या पोटावर एकसारखे चालायला लागले. "लागलं! लागलं वो!" आप्पा एवढ्यानं ओरडले की दोन्ही म्हशी उठून उभ्या राहिल्या.

पण नियम तो नियम. आप्पांनी आपणहून ठरवलं, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत अंड्याला हात लागणार, तोवर घराची पायरी चढायची नाही. अंघोळ-पूजा अंगणात, जेवण-झोप गोठ्यात. त्यांना कुणीही हे सांगितलं नव्हतं. काकू उंबऱ्यावर ताट ठेवून आत निघून जायच्या. मी नांदेडला परतलो.

पुढच्या रविवारी बायकोला न्यायला गेलो तर पिल्लांचे डोळे उघडले होते, काळ्याचेसुद्धा. आप्पांना घरात जायला आता कुणाचीच हरकत नव्हती. तरी ते गोठ्यातच जेवायला बसले होते आणि त्यांच्यासमोर काकू स्वतःचं ताट घेऊन बसल्या होत्या. माझी बायको दारातच थबकली. चाळीस वर्षांच्या संसारात काकू नेहमी सगळ्यांचं झाल्यावर चुलीपुढे एकट्या जेवलेल्या. या दोघांना एकत्र जेवताना या घरात कुणी पाहिलंच नव्हतं. काकू आपल्या भाकरीचा तुकडा मोडून मांजरीपुढे टाकत होत्या आणि आप्पांना रागे भरत होत्या, "भाजी घ्या की अजून, किती वाळलाव."

संक्रांतीला आम्ही पुन्हा गेलो. पिल्लं चार घरी दिलेली, मांजर शेतात हिंडती झालेली, आणि थंडी अशी की दात वाजत होते. आप्पा घोंगडी घेऊन आणि काकू शाल गुंडाळून गोठ्यात समोरासमोर जेवत बसले होते. मी अंगणातूनच विचारलं, "काकू, एवढ्या गारठ्यात इथं?"

"आत लय उकडतंय," काकू म्हणाल्या, आणि आप्पांच्या भाकरीवर तूप वाढलं. मी माझं ताट घेऊन त्यांच्याकडेच निघालो होतो. अर्ध्या अंगणातून परत फिरलो.