शिवेवरचे भाकरतुकडे

माझी बायको दुसऱ्या बाळंतपणाला निपाणीला माहेरी गेली होती. सव्वा महिना झाला की तिला, तान्ह्या मुलीला आणि अडीच वर्षांच्या थोरल्याला शहापुरात आमच्या घरी आणायला घरातली एखादी जाणती बाई जायची रीत. मी म्हणालो, "बाई कशाला? मी हाय की." मागावर धागा तुटला की जशी बघायची, तशी आईनं माझ्याकडं बघितलं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेनासं झालेलं, त्यामुळं मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या पाठीला बंब बांधलेला, त्यात कोळसा, आणि पुढं धुरात आम्ही. चढ आला की बाप्यांनी उतरायचं आणि ढकलायचं. तिकीट मात्र बसण्याचं घ्यायचे.

निघताना सासूबाईंनी फडक्यात बांधून भाकरीचे सात तुकडे हातात दिले. म्हणाल्या, "जावईबापू, तान्हं पैल्यांदा भाईर पडतंय. गावाची शिव आली, नदी आली, घाट आला, की एक तुकडा लेकरावरनं ओवाळायचा आन् भाईर टाकायचा. इसरू नका."

मी म्हणालो, "त्यात काय अवघड हाय?"

मोटारीत बायका पुढच्या बाकावर, बाप्ये मागं. मधे माणसं, गाठोडी, तंबाखूचे गठ्ठे आणि एक कोंबडी. दर शिवेला यातून वाट काढत पुढं जायचं म्हणजे सातदा शिव्या खायच्या. मी पडलो विणकर. आम्ही मागावर उभ्या धाग्यांचा ताणा एकदाच घालतो आणि मग दिवसचे दिवस नुसता धोटा फेकतो. त्याच हिशेबानं मी मोटार सुटायच्या आधीच सातही तुकडे एकदम लेकीवरून ओवाळून घेतले.

"अवं, समदं एकदम?" बायको म्हणाली.

"ओवाळल्याशी कारण. आता मागं बसून एकेक टाकत जातो."

"बघा बाई," ती म्हणाली. या दोन शब्दांचा अर्थ मला तेव्हा नीट कळत नसे. आता चांगला कळतो.

निपाणीच्या शिवेला एक टाकला, तवंदीच्या घाटात दुसरा, हिरण्यकेशीला तिसरा, घटप्रभेला चौथा. प्रत्येक वेळी बायको वळून बघायची आणि मी मोठ्या सरदारासारखी मान हलवायचो. थोरला माझ्या मांडीवर झोपलेला. मला वाटलं, बायका उगीच या कामाचा बाऊ करतात.

वंटमुरीच्या चढाला मोटार थांबली. पुढच्या बाकावर जागा न मिळाल्यानं सांबऱ्याची एक म्हातारी मागं माझ्या शेजारी बसली होती. निजलेलं पोरगं आणि फडकं तिच्याजवळ ठेवून मी उतरलो. ढकलून ढकलून तोंड बंबातल्या कोळशाच्या रंगाचं झालं. परत येऊन बघतो तर थोरला म्हातारीच्या मांडीवर उठून बसलेला, गाल फुगलेले, हनुवटीला चटणी.

"लई भूक लागल्ती लेकराला," म्हातारी म्हणाली. "शिदोरी कोरडीच बांधलीस व्हय रं? म्या लसणाची चटणी लावून चारली."

फडकं रिकामं. मी त्याची व्यवस्थित घडी केली आणि खिशात घातली. कुणाला सांगायची गरज नाही, असं ठरवलं. मार्कंडेय नदी आली. बायको वळली. मी रिकामा हात बाहेर काढून झोकात झटकला.

थोरला मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, भाकरी न्हाय. म्या खाल्ली."

"मोटार थांबवा!" बायको उभीच राहिली.

ड्रायव्हर कुरकुरला, एकदा थांबली की पुन्हा पेटायला अर्धा तास लागतो म्हणाला. पण तिचं तोंड बघून त्यानं थांबवली. ती तान्हीला घेऊन खाली उतरली, थोरल्याला जवळ ओढलं, त्याच्या डोळ्यांत बघितलं, कपाळाला हात लावला. "तान्हीवरचं समदं ह्याच्या पोटात गेलं. ओवाळलेलं खाल्लं वं ह्यानं!"

"अगं, भाकरीच ती."

"भाकरीच, तर मग ओवाळली कशाला?"

मी हसायच्या तयारीत होतो, ते हसू तसंच गिळलं. ती पदरानं डोळे पुसत होती. मीही हळूच पोराच्या कपाळाला हात लावून बघितला. गरम लागलं. दिवसभर उन्हात बसलेलं, वर लसणाची चटणी खाल्लेलं पोर गरम लागणारच. पण ते आता सुचतं. तेव्हा मी पुन्हा एकदा हात लावून बघितला.

म्हातारी कमरेवर हात ठेवत खाली आली. "चूक माजीबी हाय. रडू नगंस गं." तिनं आपल्या गाठोड्यातली चतकोर भाकरी काढली, थोरल्यावरून ओवाळली, तान्हीवरून ओवाळली आणि माझ्यापुढं धरली. "धर. बापानं खायाचं. हितंच, उभ्यानं. म्हंजी पोराचं समदं निघालं."

"ह्यास्नी कायबी हुणार न्हाय न्हवं?" बायकोनं विचारलं.

"झालं तर झालं. बाप कशाला असतोय?"

सगळी मोटार हसली. ड्रायव्हरसुद्धा. मी भर रस्त्यात उभा राहून ती भाकरी चावू लागलो. दगडासारखी होती. "आज्जी, जरा चटणी?"

"चटणी लेकरानं संपीवली."

शहापुरात पोचलो तेव्हा आई दारात तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं सुनेवरून, तान्हीवरून, थोरल्यावरून ओवाळलं, पायांवर पाणी घातलं. "या आत."

बायकोनं पाऊल उचललं नाही. खाली बघत म्हणाली, "आत्ती, ह्यांच्यावरनंबी."

"ह्याच्यावरनं? ह्यो काय बाळंत झालाय व्हय?"

"असू द्या. ओवाळा."

आईनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्या काळ्या तोंडाकडं. दुसरा तुकडा आणला आणि माझ्यावरून तीनदा ओवाळून गटाराच्या पलीकडं टाकला. थोरला वाकून त्या तुकड्याकडं बघत होता. मी त्याचा हात घट्ट धरून बायकोच्या हातात दिला आणि माझ्या आधी तिघांना आत जाऊ दिलं.